पडलेल्या संत्र्यांचें सत्त्व

आमच्या घरीं श्रावण सरत आला, कीं एक शब्द ओटीवर येऊन बसतो व दिवाळीपर्यंत उठत नाहीं. तो शब्द म्हणजे 'गळ'. आमचें गांव कौंडण्यपूर, वरदेच्या काठचें. रुक्मिणीचें माहेर म्हणून वाचकांनीं तें ऐकलें असेल. आषाढीला येथून मातेची पालखी पंढरीस जाते व कार्तिकांत यात्रा भरते. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा. परंतु पुराणांतील या राजधानीचे आजचे रहिवासी आम्ही कापूस, तूर आणि संत्रीं यांच्या हिशेबावर जगणारे लोक आहों. वडील बंधूंची चार एकरांची बाग आहे. जानेवारी-फेब्रुवारींत आंबिया बहार फुलतो, नोव्हेंबरच्या सुमारास फळ उतरूं लागतें. आणि मधल्या ऑगस्ट-सप्टेंबरांत, फळ अजून हिरवें असतां, पावसाची झड लागली कीं सकाळीं झाडांखालीं सडा पडलेला असतो. फुलांचा सडा पाहून रसिकांना आनंद होतो; फळांचा सडा पाहून बागाइतदाराला काय होतें, तें आमच्या अण्णांच्या चेहऱ्यावर पाहावें.

आम्ही स्वतः बागाइतदार नव्हे. उभी हयात अमरावतीस रसायनशास्त्र शिकविण्यांत घालवून आतां वडिलोपार्जित घरीं येऊन राहिलों आहों, आणि अण्णांच्या संसारांत दोन वेळच्या जेवणाला व चार वेळच्या सल्ल्याला हजर असतों. सल्ला कोणी घेत नाहीं, ही गोष्ट वेगळी. शास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याची एक उणीव अशी असते, कीं त्यानें जन्मभर दुसऱ्यांच्या हातून प्रयोग करवून घेतलेले असतात; स्वतःच्या हाताला जो धडा मिळावयाचा, तो राहून गेलेला असतो. गेल्या वर्षीं तो धडा आम्हांस मिळाला, आणि त्याला निमित्त झाली आमची आत्या.

आत्या ही आमच्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐशीच्या पुढें, दृष्टि मंद पण जीभ शाबूत. पायांच्या शिरा फुगून संध्याकाळीं पाय जड होतात, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनीं तिला गोळ्या दिल्या होत्या. अण्णांचा धाकटा मुलगा नागपुरास औषधनिर्माणशास्त्र शिकतो. तो सुटींत आला असतां त्यानें वेष्टणावरचीं नांवें वाचून दाखविलीं: डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन. "आत्याआजी," तो म्हणाला, "हें दुसरें जें आहे ना, तें संत्र्याच्या सालींत असतें. आणि पहिलें औषधही कारखान्यांत ह्याच्यापासूनच तयार करतात."

आत्यानें गोळी तळहातावर घेऊन फिरवून पाहिली. "म्हणजे बागेंतलें उकिरड्यावर टाकायचें आणि तेंच पैसे मोजून विकत आणायचें? तुम्ही शिकलेलीं माणसें करतां तरी काय?"

प्रश्न नातवाला होता. नजर आमच्याकडे होती. इतक्यांत ओटीवर हिशेबाची वही घेऊन बसलेल्या अण्णांनीं मान वर न करतांच विचारलें, "गळलेल्या फळांत असतें का रे तें?"

"असतें, बाबा. पिकलेल्या सालीपेक्षां हिरव्या कोवळ्या फळांत अधिकच असतें."

अण्णांनीं वही मिटली. घरांत कित्येक दिवसांनीं तो 'गळ' शब्द कोणी आशेनें उच्चारला होता, आणि त्या क्षणीं आम्ही या उद्योगांत पडलों.

येथें वाचकांना या पदार्थाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. संत्रें सोलल्यावर सालीच्या आंत जो पांढरा मऊ थर लागतो, त्यांतून लब्रेताँ नांवाच्या फ्रेंच संशोधकानें 1828 मध्यें तो प्रथम वेगळा केला. ग्रीक पुराणांत सोन्याच्या फळांच्या बागेची राखण करणाऱ्या हेस्पेरिडीस नांवाच्या कुमारिका आहेत. त्यांच्यावरून त्याला हें नांव पडलें. पुढें 1936 मध्यें, 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाबद्दल प्रसिद्धीस आलेल्या सेंट-ग्यॉर्गी यांनीं लिंबूवर्गीय फळांतील या जातीच्या पदार्थांना 'प' जीवनसत्त्व असें नांव दिलें. परंतु त्यांच्यावांचून शरीराचें अडतें, असें सिद्ध न झाल्यामुळें तो मान कालांतरानें काढून घेण्यांत आला. या पदार्थाचा एक स्वभाव मोठा मौजेचा आहे. जिवंत फळाच्या रसांत तो विरघळलेला असतो. पण तोच शुद्ध करून साध्या पाण्यांत टाकला, तर जवळजवळ विरघळत नाहीं. फळ थंडीनें गोठलें, कीं त्याचे पांढरे ठिपके फोडींवर उमटतात. जपानांत डबाबंद संत्र्यांचा पाक याच कारणानें दुधासारखा गढूळ होई, आणि त्यावर उपाय म्हणून तेथें एक विशिष्ट विकर घालण्याची युक्ति निघाली. सारांश, हा पदार्थ स्फटिक होण्यास उत्सुकच आहे. त्याला अडवितात ते त्याचे सोबती. साखर, पेक्टिन, सुगंधी तेल, रंग, राळेसारखीं चिकट द्रव्यें, अशा गोतावळ्यांतून त्याला एकट्याला बाहेर बोलावणें हेंच खरें काम.

त्याला बाहेर बोलावण्याची एक जुनी रीति चुन्याची आहे. हेस्पेरिडिन साध्या पाण्यांत विरघळत नसलें तरी चुन्याच्या क्षारधर्मी पाण्यांत विरघळतें. आणि तें पाणी गाळून त्यांत आम्ल घातलें, कीं पुन्हां साक्याच्या रूपानें खालीं बसतें. चुन्याऐवजीं कॉस्टिक सोडाही चालेल. परंतु त्यानें सालींतील पेक्टिन सुटून सगळी शेंबडासारखी बुळबुळीत खळ होते. चुना मात्र पेक्टिनला घट्ट बांधून चोथ्यांतच ठेवतो व गाळणें सोपें होतें. कागदावर हें सर्व चार ओळींत मावतें. आम्हीं तें वर्गांत फळ्यावर अनेकदां लिहिलेंही होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही टोपली घेऊन बागेंत गेलों. रात्रीं गळलेलीं ताजीं फळेंच उचलावयाचीं. जीं कुजूं लागलीं, त्यांत बुरशी आणि किडे असतात, तीं खड्ड्यांतच गेलीं पाहिजेत. गडी कांहीं वेळ पाहत राहिला व शेवटीं न राहवून म्हणाला, "मालक, हे पडेल फळं घरात काहून नेता?" आम्हीं त्याला हेस्पेरिडिनची हकीगत सांगितली. त्यानें मान डोलावली. पण ती आमच्या समाधानासाठीं होती. घरीं फळें वाटण्याचा प्रश्न आला, तेव्हां वहिनींनीं स्वयंपाकघराच्या दारांतच आडवा हात धरला. "भाऊजी, माझ्या पाट्याला चुना लागला, तर तुम्ही आणि तुमचे स्फटिक दोघेंही अंगणांत जेवाल." तेव्हां फोडी उन्हांत कडकडीत वाळवून गोठ्यांतल्या जुन्या उखळांत कुटल्या. सुमारें पांच किलो हिरव्या फळांचा एक किलो भुगा झाला.

पहिल्या खेपेस आम्हीं भुगा चुन्याच्या पाण्यांत भिजविला, आणि त्याच दिवशीं गौरी आल्या. पाहुणे, नैवेद्य, आरत्या या गडबडींत तें भांडें रात्रभर तसेंच राहिलें. सकाळीं पाहतों तों पाणी चहाच्या काढ्यासारखें काळपट! तरी आशेनें आम्ल घातलें. खालीं बसलें तें तपकिरी, चिकट, बोटाला न सोडणारें असें एक गुळाच्या कढईच्या तळाचें भावंड. कारण मागाहून उमजलें. क्षारांत गेलें म्हणजे हेस्पेरिडिनच्या रेणूंतील एक कडी उघडते. म्हणूनच तें विरघळतें व पाणी पिवळें दिसतें. आम्ल मिळालें, कीं कडी पुन्हां मिटते. पण ती उघडी असतां तिला फार वेळ उघड्यावर, हवेंत, ठेवलें, तर जें बिघडतें तें पुन्हां सुधारत नाहीं. दार उघडें ठेवून यजमान पाहुण्यांत रमला, तर घराचें जें व्हावयाचें तेंच झालें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं घड्याळ लावून बसलों. तासाभरांत गाळलें, पाणी स्वच्छ, केशरासारखें पिवळें निघालें. आतां उशीर नको, या धास्तीनें आम्लाचा पेला एकदम ओतला. क्षणांत सगळें पाणी ताकासारखें झालें. आम्हीं मुलांना हाक मारून दाखविलें. पण तें ताक कांहीं केल्या गाळलें जाईना! इतके बारीक कण, कीं फडक्याचीं भोकेंच बुजलीं, आणि जें हातीं आलें त्यांत रंग, राळ, साखर सगळींच घट्ट धरून बसलेलीं.

संध्याकाळीं आत्यानें चौकशी केली. आम्हीं हकीगत सांगितल्यावर ती म्हणाली, "खडीसाखर कधीं पाहिलीस होतांना? पाक एकदम निवविला तर भुगा होतो. दोरा सोडून, झांकून, कोनाड्यांत ठेवावा लागतो आणि त्याच्याकडे दिवसांतून दहादां जाऊन पाहायचें नसतें."

पन्नास वर्षें शास्त्र वाचून आम्हांस जें सुचलें नाहीं, तें हेंच. स्फटिक म्हणजे एकाच जातीच्या रेणूंची शिस्तीनें बसलेली पंगत. हळू बोलावले तर प्रत्येक जण आपापल्या पाटावर बसतो आणि परका आला तर त्याला तेथें जागा मिळत नाहीं. एकदम हांक मारली, तर जो तो सांपडेल तेथें बसतो व पंगतींत कोण आपला, कोण परका, हें कळत नाहीं. स्फटिकीकरणानें पदार्थ शुद्ध होतो तो या शिस्तीमुळें. आणि त्या शिस्तीला वेळ लागतो.

तिसऱ्या खेपेस चुना बेतानें घातला, सामू मोजण्याच्या रंगीत पट्टीवर अकराच्या आसपास. त्याहून पुढें नाहीं. तासाभरांत दोनदां गाळलें. मग पाण्यानें पातळ केलेलें आम्ल थेंबथेंब सोडीत व ढवळीत पट्टी साडेचारावर आणली. भांडें कोमट पाण्यांत ठेवून थोडें ऊन केलें, मागच्या खेपेचा चिमूटभर साका वाटून विरजणासारखा सोडला, आणि झांकण घालून कोठीच्या खोलींत ठेवून दिलें. आत्याच्या सांगण्याप्रमाणें तिकडे दिवसभर फिरकलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर निवळ पाणी आणि तळाशीं फिकट राखी रंगाचा जाड थर! तो फडक्यांतून सहज गळला. थंड पाण्यानें धुऊन वाळविल्यावर बावीस ग्रॅम भरला.

घरांत सर्वांची थोडी निराशा झाली. वहिनींना खडीसाखरेसारखे चकाकणारे खडे अपेक्षित होते. हातीं आलें तें बेसनासारखें पीठ. मुलांच्या शाळेंतला लहान सूक्ष्मदर्शक होता, त्याखालीं तें पीठ ठेवलें. धाकटी नात डोळा लावून ओरडली, "आजोबा, सुया!" खरोखरच सुया होत्या, कदंबाच्या फुलाप्रमाणें मध्यापासून चोहींकडे पसरलेल्या. पण सुयांच्या मधून मधून तपकिरी गोळेही होते. म्हणून तेंच पीठ पुन्हां क्षारांत विरघळवून, गाळून, पुन्हां हळूहळू बसविलें. आणि तसेंच आणखी एकदां. बावीसाचे चौदा झाले, चौदाचे नऊ. रंग उजळत गेला, वजन घटत गेलें. प्रत्येक वेळीं निथळलेल्या पाण्याबरोबर मळ जातो, तसा मालही जातो. शुद्धता फुकट मिळत नाहीं. ती वजनांतच मोजून द्यावी लागते.

पुतण्या नऊ ग्रॅमांपैकीं कांहीं भाग नागपुरास घेऊन गेला व तेथें त्यानें त्याचा द्रवणांक पाहिला. शुद्ध पदार्थ एका ठराविक उष्णमानाच्या जवळ, दोनतीन अंशांच्या आंत वितळतो. भेसळीचा पदार्थ आधींच ओला होऊं लागतो आणि रेंगाळत वितळतो. शुद्ध हेस्पेरिडिन 258 ते 262 अंशांच्या सुमारास वितळतें. आमचें 236 अंशांवर ओलावूं लागलें व 250 वर संपलें. तीन वेळां धुतलेलें, डोळ्यांना पांढरें दिसणारें तें पीठ अजून शुद्ध नव्हतें. मग त्यानें प्रयोगशाळेंत तें फॉर्मामाइड नांवाच्या द्रवांत कोमट करून विरघळविलें, कोळशाच्या पुडीनें रंग शोषून घेतला, गाळून त्यांत पाणी घातलें व सुया पुन्हां बसूं दिल्या. या खेपेस पट्टी 257 ते 260 अंशांवर बसली. दोन बाटल्या घरीं आल्या. लहान बाटलींत लाबचें पांढरें शुभ्र चूर्ण, मोठींत आमचें घरचें. मोठीवर पुतण्यानें स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती: 'अशुद्ध'.

येथवर हा सर्व प्रकार कौतुकाचा होता. त्यापुढचा तसा नव्हता.

भाद्रपद अखेरीस तीन दिवस सतत पाऊस लागला. वरदेला पूर आला, ओढे भरले, रस्ता बंद झाला. आत्याच्या गोळ्या आदल्याच दिवशीं संपल्या होत्या. दुसऱ्या रात्रीं तिचे पाय ठणकूं लागले. वहिनी तेल चोळीत बसल्या. आत्यानें आम्हांस हांक मारली. "अरे, तुझी ती बाटली आण. चिमूटभर दे दुधांतून."

आम्ही उठून कपाटाशीं गेलों, हें आम्ही कबूल करतों. मोठी बाटली हातांत घेतलीही. मनांत म्हणत होतों, हेंच द्रव्य गोळींत आहे. संत्र्याचीच तर साल. मुलें मुरंबा खातात, त्यांत हें असतेंच. घरांत एक वृद्ध माणूस कण्हत आहे, आणि ज्यानें महिनाभर सर्वांना स्फटिकांच्या गोष्टी सांगितल्या त्याच्या हातीं बाटली असून तो देत नाहीं, हें कसें दिसेल? खरें सांगावयाचें, तर करुणेबरोबर त्या हातांत अभिमानही होता. आमच्या श्रमाचें फळ आत्याच्या पोटांत जाऊन तिला बरें वाटावें, अशी इच्छा होती. आणि ती इच्छाच आम्हांस पुरावा वाटूं लागली होती.

तेवढ्यांत चिठ्ठीवरचें अक्षर दिसलें. मग एक एक गोष्ट आठवूं लागली. झाडांवर उन्हाळ्यापासून किती फवारण्या झाल्या होत्या? चुना पानपट्टीवाल्याचा, आम्ल फरशी धुण्याच्या बाटलींतलें. त्या चूर्णांत हेस्पेरिडिन किती आणि दुसरें काय काय, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. गोळींत तें 50 मिलिग्रॅम असतें, डायोस्मिन 450. आमची चिमूट किती? शिवाय पाण्यांत न विरघळणारें हें द्रव्य शरीराला लागावें, म्हणून कारखान्यांत तें अतिशय सूक्ष्म दळलेलें असतें. आमच्या सुया तशाच पोटांतून जावयाच्या. दुसऱ्या बाटलीचा विचार तर अधिक विचित्र होता. ती खरोखर शुद्ध होती; पण जें फॉर्मामाइड वापरून ती शुद्ध झाली तें शरीराला अपायकारक, आणि त्याचा अंश उरला नाहीं, हें कोणी तपासलें नव्हतें. जी बाटली द्रवणांकाच्या कसोटीस उतरली, तीच दुधांत घालण्यास अधिक अयोग्य! आम्हीं दोन्ही परत ठेवल्या आणि आत्याला सांगितलें, "हें औषध नव्हे, आत्या. अजून नव्हे."

आत्या भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं. ज्या घरांत सोळा माणसें एका चुलीवर जेवतात, तेथें एका माणसाचें मौन किती मोठें असतें, हें वाचकांना सांगावयास नको.

त्या दोन दिवसांत आम्हीं पुष्कळ विचार केला. सिंकोन्याची साल हिवतापावर दिली जात असे. पण एका सालीनें गुण येई, दुसरीनें येत नसे. कारण सालींत द्रव्य किती, हें देणाऱ्यालाही ठाऊक नसे. 1820 मध्यें पेल्तिए आणि काव्हाँतू यांनीं पॅरिसांत तिच्यांतून क्विनाईन वेगळें केलें, तेव्हां वैद्याच्या हातीं प्रथम माप आलें. आपल्याकडे सर्पगंधेची मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरांत होती; 1931 मध्यें दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं तिच्यांतून स्फटिकरूप द्रव्यें काढलीं, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं 1949 मध्यें रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि 1952 मध्यें स्वित्झर्लंडांत रेसर्पिन वेगळें झालें. स्फटिक आणि औषध यांच्या मध्यें मोजणें, रोग्यांना देऊन पाहणें, चुकीचें तें टाकून देणें, अशी वर्षांची वाट असते. ती आम्ही गोठ्यांतल्या उखळापासून कपाटापर्यंतच्या चार पावलांत ओलांडूं पाहत होतों.

तिसऱ्या दिवशीं पूर ओसरला व तिवशाहून गोळ्या आल्या. चौथ्या दिवशीं सकाळीं आत्यानें स्वतः होऊन हांक मारली. परसांत तिचें गुळवेलीचें सत्त्व चाललें होतें. आमच्या घरीं, शेजारीं, कोणाला ताप येऊन गेला, कीं सत्त्व आत्याच्याच हातचें. ओल्या गुळवेलीचीं अंगठ्याएवढीं कांडें ठेचून रात्रभर पाण्यांत भिजवावयाचीं, कुसकरून पाणी गाळावयाचें, तें स्थिर ठेवून वरचें निथळून टाकावयाचें. तळाला पांढरा साका बसतो, तो वाळवावयाचा. तिला दिसत नाहीं म्हणून निथळण्यास तिनें आम्हांस बसविलें होतें. आम्ही दुसऱ्यांदा पाणी घालून तिसऱ्यांदा घालणार, तों तिनें हात धरला.

"पुरे. अजून धुतलेंस तर नुसतें पीठ राहील. पांढरें दिसेल हो छान. पण कडू गेलें तर उरलें काय?"

आम्ही थक्क होऊन पाहत राहिलों. गुळवेलीच्या सत्त्वांत बहुतांशीं पिठूळ भागच असतो व कडू द्रव्यें निथळलेल्या पाण्याबरोबर जातात, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. तिनें तें जिभेनें वाचलें होतें.

"तुझ्या काकाला मोठा ताप आला होता," ती पुढें म्हणाली, "तेव्हां मी नवखी होतें. घरचें सत्त्व संपलें म्हणून बाजारचें आणून दिलें. दुधासारखें पांढरें होतें. मी विश्वासानें आठ दिवस दिलें. काडीचा गुण आला नाहीं. नवव्या दिवशीं जिभेवर ठेवून पाहिलें, तर आरारूट. ते आठ दिवस मी अजून विसरलें नाहीं. तेव्हांपासून चाखल्याशिवाय मी कोणाला कांहीं देत नाहीं." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तुला तुझें चाखतां येत नाहीं, म्हणून तूं दिलें नाहींस. एवढेंच ना? मग त्या रात्रीं असें सरळ सांगायचें. मला वाटलें, म्हातारीवर तुझा विश्वास नाहीं."

"विश्वास आमचा आमच्यावर नव्हता, आत्या," आम्ही म्हणालों.

"तो नसलेलाच बरा," ती म्हणाली आणि बोट साक्यांत बुडवून जिभेला लावलें.

अण्णांच्या आशेचें काय झालें, असें वाचक विचारतील. आम्हीं त्यांना प्रामाणिक हिशेब दिला. पांच किलो हिरव्या फळांतून नऊ ग्रॅम, तेंही अशुद्ध. त्यासाठीं चुना, आम्ल, सरपण, आठ दिवस आणि तीन माणसें. शिवाय उरलेलें आम्लाचें पाणी चुन्यानें मारून खड्ड्यांत मुरविलें, तें आमच्या थोड्याशा कामापुरतें ठीक. मोठ्या प्रमाणावर हें करणारानें तें वरदेंत सोडलें, तर रुक्मिणीच्या माहेरच्या नदीला आपण काय आहेर केला, याचें उत्तर द्यावें लागेल. हें काम कारखान्याचें आहे, गोठ्याचें नव्हे. अण्णांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "माझा फायदा निराळाच झाला. महिनाभर रोज सकाळीं प्रत्येक झाडाखालचीं फळें वेंचलीं, तेव्हां लक्षांत आलें, कीं निम्मी गळ एका खालच्या कोपऱ्यांत आहे. तेथें पाणी तुंबतें. इतकीं वर्षें सडा पाहून कपाळाला हात लावीत होतों. वाकून उचलला नव्हता." दिवाळीनंतर त्यांनीं त्या कोपऱ्यांत चर खणून पाण्याला वाट काढून दिली. यंदा तेथील गळ कमी आहे, असें ते म्हणतात. आम्हीं विचारलें, मोजली का? तेव्हां ते हंसले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वहींत झाडागणिक आंकडे पडूं लागले.

दोन्ही बाटल्या अजून कोठीच्या कपाटांत आहेत, आत्याच्या सत्त्वाच्या बरणीशेजारीं. आत्याला चिठ्ठ्या वाचतां येत नाहींत. पण कोणती बाटली कोठें आहे, तें तिला हातानें ठाऊक आहे. घरांतलें मूल तिकडे हात लांबवूं लागलें, कीं ती आंतूनच ओरडते, "त्याला शिवूं नका रे! तें अजून व्हायचें आहे."